हिराकस, प्लेग आणि क्लेब्सिएला

शिरोळ तालुक्यात उसाला केवडा पडला म्हटलं की कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. पोंग्यातली कोवळी पानं आधी शिरांच्या मधोमध पिवळी पडतात, मग पांढुरकी होतात, आणि बांधावरून पाहिलं तर हिरव्या फडात फिक्या पानांचे पट्टे उठून दिसतात. लागणीपेक्षा खोडव्यात हे दुखणं जास्त. शेतकरी जयसिंगपूरच्या बाजारातून हिराकस आणतो, शेणखतात मुरवून सरीत टाकतो किंवा पाण्यात विरघळवून फवारतो, आणि काही दिवसांत नवी पानं हिरवी निघू लागतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. शिफारस हेक्टरी २५ किलोची. आता ज्या जमिनीत हे २५ किलो टाकायचे, तिच्या वरच्या वीतभर थरात मुळात लोह किती असतं? शंभर टनांच्या घरात. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी माती बेसाल्टची लेक आहे, आणि बेसाल्टकडे लोहाला काय तोटा!

अडचण आहे ती विरघळण्याची. हवा आणि चुनखडी यांच्या संगतीत लोह गंजाच्या रूपात जातं आणि सामू आठच्या वर गेलेल्या जमिनीत हा गंज पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. मुळांभोवती लोहाचे ढीग, आणि पानाला मात्र उपास. ज्वारी, गहू, मका, ऊस ही गवतकुळातली मंडळी अशा वेळी मुळांतून एक सेंद्रिय पदार्थ सोडतात. तो मातीतल्या लोहाला कवटाळतो, पाण्यात उतरवतो आणि ही जोडी मूळ परत आत ओढून घेतं. १९७६ साली जपानच्या ताकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणात हे पदार्थ दाखवून दिले. जमीन फारच चुनखड असली की हीही युक्ती अपुरी पडते, तेव्हा केवडा दिसतो.

मला सांगायचंय ते उसाचं नव्हे, रोगजंतूंचं. पण केवडा कळला की पुढचं कळायला सोपं जातं, कारण रसायनशास्त्र तेच आहे. आपल्या रक्ताचा सामू ७.४ आणि त्यात प्राणवायू भरपूर. म्हणजे लोहाच्या दृष्टीनं रक्तही चुनखड जमिनीसारखंच अवघड. माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं दोन तृतीयांश तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये, उरलेल्यातलं बरंचसं यकृत आणि प्लीहेत फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोटात बंद. रक्तद्रवातून कोणत्याही क्षणी फिरत असतं ते जेमतेम तीन मिलिग्रॅम, आणि तेही मोकळं नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन त्याला धरून असतं. या ट्रान्सफेरिनच्या जागा एरवी एक तृतीयांशच भरलेल्या असतात, त्यामुळे कुठून एखादा अणू सुटलाच तर त्याला पकडायला दोन तृतीयांश जागा टपून बसलेल्या. खरोखर मोकळं म्हणावं असं लोह इतकं कमी, की हिशेब मांडला तर एक लिटर रक्तद्रवात सरासरी एक अणूही भरत नाही. आणि एका जिवाणूला एकाचे दोन व्हायला लाखाच्या वर अणू लागतात.

यातून दिसतं की रोगजंतू अंगात शिरतो तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं येण्याआधी त्याची गाठ उपासमारीशी पडते. साखर मुबलक, ऊब हवी तशी, पाणी हवं तेवढं. फक्त लोह नाही. आपल्याकडे रोगप्रतिकारशक्तीवर इतकं लिहिलं जातं, काढे-चूर्णांच्या जाहिराती तर विचारूच नका, पण लोहबंदीच्या या सर्वांत जुन्या तटबंदीचा उल्लेख क्वचितच दिसतो.

ती सापडली अंड्यात. १९४४ साली शेड आणि कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांनी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात हगवणीचे शिगेला जिवाणू वाढवून पाहिले. वाढेनात. मग जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, क्षार अशी एकेक वस्तू घालून पाहिली. कशानंच फरक पडला नाही. लोह घातल्याबरोबर जिवाणू तरारले. पांढऱ्यातलं एक प्रथिन सगळं लोह अडवून बसलं होतं. पिल्लाभोवतीचा हा बंदोबस्त. दोन वर्षांनी त्याच जोडीनं माणसाच्या रक्तातही तसंच प्रथिन असल्याचं दाखवलं, तेच ट्रान्सफेरिन. अश्रूंत, लाळेत आणि दुधात त्याचं भावंड लॅक्टोफेरिन असतं. आईच्या दुधात ते लिटरमागे एक ग्रॅमच्या पुढे, चिकात तर कितीतरी जास्त. गाईच्या दुधात त्याचा जेमतेम दहावा भाग. बाळाच्या आतड्यात त्यामुळे कुणाचं फावतं? लॅक्टोबॅसिलससारख्या, लोहाची फारशी गरज नसलेल्या जिवाणूंचं. त्यांच्यातल्या काही जातींनी तर लोहाशिवाय, मँगेनीजवर भागवायची सोय करून घेतली आहे.

करोनाच्या काळात फेरिटिन हा शब्द गावोगाव पोहोचला. सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन हे त्रिकूट तेव्हा जयसिंगपुरातल्या पानपट्टीवरही चर्चेला असायचं. फेरिटिन वाढलं म्हणजे नेमकं काय झालं, हे मात्र कुणी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. आजाराची दाहक खबर पोहोचली की यकृत हेप्सिडिन नावाचं एक छोटं संप्रेरक रक्तात सोडतं. ते पेशींची लोह बाहेर सोडण्याची दारं लावून घेतं. आतड्यातून लोह वर येणं थांबतं, जुन्या तांबड्या पेशी मोडून निघालेलं लोह भक्षक पेशींतच अडकून पडतं, आणि रक्तातलं लोह काही तासांत खाली येतं. कोठार भरलेलं आणि बाजारात टंचाई, अशी ही मुद्दाम केलेली स्थिती आहे. फेरिटिन वाढण्याला इतरही कारणं असतात, पण हे एक महत्त्वाचं. दीर्घ आजारात माणूस फिका पडतो, हिमोग्लोबिन उतरतं, तेही पुष्कळदा यामुळेच.

आता जंतूची बाजू. तो हातावर हात ठेवून बसला असता तर मिरजेला एवढी इस्पितळं उभी राहिलीच नसती.

१९१२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट हे गुराढोरांच्या जोन्स रोगाचा जिवाणू काचेच्या नळीत वाढवायची खटपट करत होते. गाई-म्हशींना महिनोन् महिने हगवण लावून हाडांचा सापळा करणारा हा रोग; त्याचा जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. नळीत तो काही केल्या वाढेना. ट्वॉर्ट आणि त्यांचे सहकारी इन्ग्रॅम यांनी शेवटी त्याच्या दुसऱ्या एका नातलगाचा, गवतावरच्या निरुपद्रवी जिवाणूचा, मेलेला अर्क त्यात घातला आणि तो वाढू लागला. त्या अर्कात काय होतं ते १९४९ साली वेगळं काढता आलं. नाव पडलं मायकोबॅक्टिन. लोहाला पकडून आणणारा हा रेणू जोन्सच्या जंतूला स्वतःला बनवता येत नव्हता, म्हणून त्याला शेजाऱ्याची उसनवारी लागत होती. क्षयाचा जंतू तो स्वतः बनवतो. अशा रेणूंना पुढे सायडेरोफोर हे नाव मिळालं.

सायडेरोफोर हा जिवाणूनं बाहेर सोडलेला छोटा रेणू. तो भटकत जातो, कुठे लोह दिसलं की सहा बाजूंनी त्याला वेढतो, आणि लोहासकट परत आला की जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं त्याच्यासाठीच असलेलं दार त्याला आत घेतं. उसाचं मूळ करतं तेच काम, पण फार वरच्या ताकदीनं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा एन्टेरोबॅक्टिन हा सायडेरोफोर १९७० साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकदमच शोधला. त्याची लोहावरची पकड मोजतात तो आकडा १ पुढे ४९ शून्यं असा आहे. ट्रान्सफेरिनच्या हातातलं लोहसुद्धा तो ओढून घेतो.

यावर शरीरानं काय केलं? एन्टेरोबॅक्टिन नेमका ओळखून गिळणारं एक प्रथिन तयार ठेवलं: लिपोकॅलिन-२, म्हणजेच सायडेरोकॅलिन. लोह घेऊन निघालेला एन्टेरोबॅक्टिन वाटेतच अडवायचा. २००२ ते २००४ दरम्यान हे स्पष्ट झालं आणि उंदरांत हे प्रथिन नसेल तर ई. कोलायचा संसर्ग किती बळावतो तेही दिसलं. मग टायफॉइडच्या कुळातल्या साल्मोनेलानं एन्टेरोबॅक्टिनला साखरेचे रेणू चिकटवले. आता तो लिपोकॅलिनच्या पकडीत मावेना. मेंदूज्वराचा आणि परम्याचा नायसेरिया तर सायडेरोफोरच्या भानगडीतच पडत नाही. तो थेट माणसाच्या ट्रान्सफेरिनला पकडून लोह काढून घेतो, आणि त्याला ट्रान्सफेरिन लागतं ते माणसाचंच, इतर प्राण्यांचं चालत नाही. पू करणारा स्टॅफिलोकॉकस तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनवर हात मारतो. या सगळ्या गर्दीत लाइम रोगाचा बोरेलिया हा एकच विक्षिप्त. त्यानं लोह वापरणंच सोडून दिलं.

लोह नसणं ही जंतूला नुसती अडचण नसते, ती खूणही असते. आपण कुणाच्या तरी अंगात शिरलो आहोत, हे त्याला त्यावरून कळतं. घटसर्पाचं उदाहरण घ्या (माणसांचा घटसर्प, म्हशींचा नव्हे, तो जंतू वेगळा). घशातला घटसर्पाचा जिवाणू विष सोडतो ते लोह कमी पडलं की. १९३० च्या दशकातच लस बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की पोषकद्रवात लोह जास्त झालं तर जंतू छान वाढतात, पण विष मिळत नाही. लोहाचा अणू चिकटलेला असेपर्यंत एक प्रथिन विषाच्या जनुकावर बसून असतं. लोह सुटलं की ते उठतं आणि कारखाना सुरू. एखादा जंतू किती घातक हे ठरवणारी त्याची बरीच हत्यारं अशी लोहाच्या दोरीला बांधलेली आहेत.

याचा सर्वांत धक्कादायक पुरावा प्लेगनं दिला. मराठी माणसाला प्लेगची ओळख करून द्यायला नको. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला तो ओळखला गेला, पुढच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये तिथले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि एकोणिसावं शतक संपण्याआधीच साथ कोल्हापूर संस्थानात पोहोचली. गाव ओस टाकून माळावर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी या भागातल्या जुन्या घरांत अजून ऐकायला मिळतात. शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं तेव्हा प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या. रुंद, सरळ, काटकोनात कापणारे रस्ते पाहिले की मला त्यात त्या आठवणींचाही वाटा असावा असं वाटतं. हा अर्थात माझा अंदाज.

प्लेगच्या जंतूकडे यर्सिनियाबॅक्टिन नावाचा सायडेरोफोर असतो. पिसवा चावल्यावर कातडीखालून लसिकाग्रंथीपर्यंत, म्हणजे जिथे गाठ येते तिथपर्यंत, जायला त्याला तो लागतोच. हा भाग जनुकांतून काढून टाकलेला जंतू कातडीखाली टोचला तर उंदीर मरत नाही. म्हणून असा ‘दुबळा’ जंतू प्रयोगशाळांत बिनधोक समजून वापरला जात होता. २००९ च्या सप्टेंबरात शिकागो विद्यापीठात त्यावर काम करणारे ६० वर्षांचे एक संशोधक अचानक वारले. रक्तात हाच दुबळा जंतू सापडला. दुबळ्या जंतूनं माणूस मेला कसा, याचं उत्तर शवविच्छेदनात मिळालं. त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता. या आनुवंशिक विकारात शरीर जन्मभर गरजेपेक्षा जास्त लोह शोषून साठवत राहतं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ज्या जंतूची लोह मिळवायची हत्यारं काढून घेतली होती, त्याला अशा शरीरात हत्यारांची गरजच उरली नव्हती. अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्रानं २०११ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध केला. मला वाटतं, लोह आणि घातकता यांचा संबंध सांगायला याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

वैद्यांना या संबंधाचा वास फार आधी आला होता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले नामांकित डॉक्टर त्रूसो क्षयरोग्याला लोह देऊ नका म्हणून विद्यार्थ्यांना बजावत असत. नंतर आकडे मिळाले. १९७८ साली सोमाली भटक्यांतल्या लोहाची कमतरता असलेल्या १३७ जणांवर झालेल्या चाचणीत नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ७ संसर्ग झाले, लोह घेणाऱ्यांत ३६. त्यांत दबलेला हिवताप आणि क्षय उफाळून आलेलेही होते. २००६ साली झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर, हिवतापाच्या पट्ट्यात, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड द्यायची चाचणी मध्येच थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढले होते.

हे वाचून कुणी शाळेतून मिळालेली निळी गोळी किंवा आशाताईंनी दिलेली लाल गोळी फेकून देऊ नये. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे आणि त्याचे परिणाम बाळंतपणात जीवावर बेततात. लोहाची गोळी घ्यायचीच. फक्त लहान मुलाला ताप, न्यूमोनिया किंवा जुलाब चालू असताना ती थांबवावी, असं खुद्द ‘ॲनिमियामुक्त भारत’च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे, आणि ती सूचना गोळीबरोबर घरापर्यंत पोहोचत नाही, ही माझी तक्रार. आणखी एक: सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर लोहाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नये. ही औषधं पोटातच लोहाला चिकटतात आणि रक्तात पुरेशी उतरत नाहीत. मध्ये काही तासांचं अंतर लागतं.

आता अँटिबायोटिककडे. अँटिबायोटिकला दाद न देणं हा जंतूचा एक गुण, आणि धडधाकट माणसाला आडवं करण्याइतकं घातक असणं हा दुसरा. हे दोन गुण फार वर्षं सहसा एकत्र नांदत नव्हते. क्लेब्सिएला न्यूमोनिये या जिवाणूत हे स्पष्ट दिसायचं. त्याचे दोन गोतावळे. एक अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरच्या नळीत, लघवीच्या कॅथेटरमध्ये राहणारा. औषधांना तो दाद देत नाही, पण धडधाकट माणसाचं फारसं बिघडवू शकत नाही. मुख्यतः एन्टेरोबॅक्टिनवर जगतो, आणि एन्टेरोबॅक्टिनला तर आपलं लिपोकॅलिन पकडतंच. दुसरा गोतावळा १९८६ साली तैवानच्या डॉक्टरांनी नोंदवला. रुग्ण सात. कुणी इस्पितळात आधी दाखल नव्हता. यकृतात गळू, आणि तिथून जंतू रक्तावाटे डोळ्यात जाऊन दृष्टीवर घाला. अशा रुग्णांत मधुमेह असलेले पुष्कळ असतात, हे पुढे दिसत गेलं. हा जंतू अतिघातक, पण साध्या अँटिबायोटिकनं मरणारा.

त्याच्या घातकतेचं रहस्य शोधताना २०१४ च्या सुमारास अमेरिकेत बोट पडलं ते पुन्हा एका सायडेरोफोरवर. या अतिघातक क्लेब्सिएलाकडे एरोबॅक्टिन असतो, आणि त्याच्या लोह पकडण्याच्या एकूण ताकदीतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या एरोबॅक्टिनचा असतो. एरोबॅक्टिनला लिपोकॅलिन ओळखतच नाही. तो बनवणारी जनुकं काढली की जंतूचा जोर उतरतो. बाकीचे सायडेरोफोर काढले तर फारसा फरक पडत नाही. प्रयोगशाळेत या जंतूची एक साधी परीक्षा करतात. बशीतल्या जिवाणूंच्या चकचकीत ठिपक्याला तारेचं कडं लावून हळूच वर उचलायचं. चिकट तार लांबत ५ मिलिमीटरच्या पुढे गेली तर संशय घ्यायचा. पाकाची तार बघावी तशी ही तार. सगळेच अतिघातक जंतू तार देत नाहीत आणि तार देणारा प्रत्येक जंतू अतिघातक नसतो, त्यामुळे नुसत्या तारेवर भरवसा ठेवता येत नाही. एरोबॅक्टिनची जनुकं तपासणं अधिक खात्रीचं.

ही जनुकं जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या वेगळ्या कड्यावर असतात, आणि असे प्लास्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. औषधांना पुरून उरणारी जनुकंही पुष्कळदा प्लास्मिडवरच. कार्बापेनेम ही इस्पितळातली राखीव औषधं मोडून काढणारं एनडीएम हे विकर असंच पसरलं. त्याच्या नावात नवी दिल्ली आल्यानं २०१० मध्ये संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत वादळ उठलं, पण त्याआधीच, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापलं होतं की त्यांनी तपासलेल्या २४ कार्बापेनेमरोधी जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. नावावर भांडण्यात आपण जो वेळ घालवला तो या आकड्यावर घालवायला हवा होता.

मग व्हायचं ते झालं. २०१६ साली चीनच्या हांगझोऊ शहरात एका अतिदक्षता विभागात शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असलेल्या पाच रुग्णांना क्लेब्सिएलाचा संसर्ग झाला. पाचही दगावले. तो जंतू इस्पितळातल्या, औषधांना न जुमानणाऱ्या गोतावळ्यातला होता. त्यानं एरोबॅक्टिनचं प्लास्मिड मिळवलं होतं. उलट दिशेचा प्रवासही झाला: जन्मजात अतिघातक असलेल्या एसटी-२३ या वाणानं कार्बापेनेम मोडणारी जनुकं घेतली. ३० जुलै २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याबद्दल इशारा दिला. अतिघातक क्लेब्सिएला आपल्याकडे असल्याचं कळवणाऱ्या १६ देशांत भारत आहे. त्याच वर्षीच्या संघटनेच्या धोकादायक जिवाणूंच्या यादीत कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला सर्वांत वर आहे.

जंतूची ही लोहाची हाव त्याच्यावरच उलटवता येईल का? येते. १६६३ साली शाहिस्तेखानाच्या पहाऱ्यातून शिवाजी महाराजांची माणसं लग्नाच्या वरातीत मिसळून पुण्यात शिरली असं आपण शाळेपासून ऐकत आलो. सेफिडेरोकॉल हे जपानी कंपनी शिओनोगीचं औषध तसंच शिरतं. अँटिबायोटिकच्या रेणूला लोह पकडणारा एक हात जोडला आहे. जंतूला वाटतं आपला सायडेरोफोर लोह घेऊन आला. तो आपण होऊन दार उघडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कल्पना नवी मात्र नाही. जमिनीतले स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू अल्बोमायसिन हा असाच विषारी सायडेरोफोर आपल्या शेजाऱ्यांवर सोडत आले आहेत, आणि सोव्हिएत संशोधकांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यालाच वेगळा काढला होता.

या औषधाचं कौतुक जपून करावं. एका चाचणीत ॲसिनेटोबॅक्टर या जंतूचा संसर्ग झालेल्या रुग्णांत सेफिडेरोकॉल मिळालेल्यांचे मृत्यू जास्त निघाले, आणि त्याचं कारण अजून वादात आहे. एनडीएम असलेल्या काही जिवाणूंवर त्याची मात्रा कमी पडते, म्हणजे ते नेमकं आपल्याकडच्या दुखण्यावरच लंगडं. शिवाय उपचार चालू असतानाच ते दार बंद करून घेणारे जंतू सापडले आहेत. दार बंद केल्यावर त्यांची लोहाची एक वाट जाते हे खरं, पण त्यांच्याकडे दुसऱ्या वाटा असतात. गॅलियम या धातूवरही काम चालू आहे. त्याचा अणू लोहासारखाच दिसतो, जंतू तो उचलतो, आणि आत गेल्यावर तो निकामी ठरतो. प्रयोग अजून सुरुवातीचे आहेत.

नवीन औषधांची वाट पाहताना हाताशी असलेली टिकवणं एवढंच सध्या आपल्या हातात. केंद्र सरकारनं २०१९ साली कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी केली, ते योग्यच झालं. तोपर्यंत माणसासाठीचं हे अखेरचं औषध वजन वाढावं म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेष चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये म्हणून आहे, ती पाहायची सवय लावून घ्या. डॉक्टर ‘कल्चरला पाठवू’ म्हणाले आणि रिपोर्टला तीन दिवस लागणार असले तर त्या खर्चाला आणि त्या तीन दिवसांना कुरकुर करू नका. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, थंडी वाजून ताप येत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल आणि त्याच आठवड्यात एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं असेल, तर डोळ्यात थेंब घालून सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी मिरज-सांगलीला सोनोग्राफी, रक्ताचं कल्चर आणि डोळ्यांचे डॉक्टर या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असतील अशा इस्पितळात न्या.